निळ्या धाग्याचे दोर

मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. म्हणून लोक आपापली घाण त्याच्या दारात नेऊन टाकतात. माझ्या दोस्ताच्या दारात कुणी असं टाकलेलं मी चालू देणार नव्हतो, मग टाकणारा कुणी का असेना. टाकणारा कोण निघाला ते पुढे येईलच. ते लपवायचं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

आम्ही दोघं दोर वळायचो. बेचाळीस वर्षं. आमची पत्र्याची शेड नव्वद पावलं लांब, आणि इतकी अरुंद की दोन जाडे लोक समोरासमोर आले तर एकाला बाहेर जावं लागेल. एका टोकाला चाक, चाकाला आकडे. मी चाकावर. तो कमरेला तागाचा भारा गुंडाळायचा, थोडा ताग आकड्याला अडकवायचा आणि बोटांतून ताग सोडत सोडत मागे चालत जायचा. मी चाक फिरवलं की तागाला पीळ बसायचा, सूत व्हायचं. नव्वद पावलं उलटी, मग परत चाकापाशी, मग पुन्हा उलटी. जिकडे जायचं तिकडे पाठ करून तो आयुष्यभर चालला. म्हणून त्याचं नाव उलट्या.

त्याला त्या नावाचा राग नव्हता. एकदा त्याला ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. अंगात बोलायचीही ताकद नव्हती, म्हणून मीच सांगितलं, "हा उलट्या." डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "कधीपासून?" हा पडल्या पडल्या म्हणतो, "चौदाव्या वर्षापासून." बाईंनी पेन खाली ठेवलं.

तो उलटा चालायचा आणि मी चाकावर उभा, म्हणजे दिवसभर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत असायचो. बायकोचं तोंड मी इतकं बघितलं नाही. ती म्हणायची, "तुम्ही त्याच्याशीच संसार केलात, मी आपली जेवण वाढायला." तेही खोटं नव्हतं.

भांडलोही. एकदा तो म्हणाला, मी चाक फिरवताना गातो ते कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुझ्या शेपटीवर पडला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यावरून अकरा महिने बोललो नाही. काम एक दिवस थांबलं नाही. त्याने तिकडून दोराला एक हिसका दिला की चाक फिरवायचं, दोन दिले की थांबायचं. अकरा महिन्यांनी एका दुपारी तीन पेड एकत्र वळत असताना त्याला दोर कुठेतरी बरा वाटला नाही. हिसके द्यायचं विसरून तो ओरडला, "थांब!" मी थांबलो. मग तो नव्वद पावलांवरून म्हणाला, "आता बोललोच आहे, तर चहा पिऊ."

हे पेडांचं जरा नीट सांगायला हवं. सूत झालं की त्याचे तीन जाड पेड करायचे आणि तिन्ही एकात वळायचे. वळताना दोर आखडतो, लांबी कमी होते. पलीकडचं टोक धरणारा माणूस हळूहळू चाकाकडे ओढला जातो. तिथेच सगळी कला आहे. किती धरून ठेवायचं, किती सोडायचं. तिन्हींतला एक पेड जरी सैल राहिला तरी सगळा भार उरलेल्या दोन्हींवर येतो. वरून दिसत नाही. दोर देखणा दिसतो. उलट्याच्या हाताला ते कळायचं. तो थांबवायचा, उलगडायला लावायचा, माझ्या शिव्या खायचा आणि पुन्हा वळून घ्यायचा.

तेवढ्यावर भागायचं नाही. तयार दोर शेडच्या तुळईवर टाकून तो स्वतः लटकायचा. हातभर पुढे, पुन्हा लटकायचा. असा अख्खा दोर. डोळे मिटून ऐकायचा. सैल पेड असला तर दोर कुरकुरतो, असं म्हणायचा. मला कधी ऐकू आलं नाही, पण त्याने कापून टाकलेल्या प्रत्येक तुकड्यात मला दोष सापडला. मग तो दोराच्या टोकाला निळा धागा गुंडाळून बांधायचा. ती त्याची खूण. बाजारातल्या गोदामांचे हमाल निळा धागा बघून दोर घ्यायचे. एका गोदामात तर हमालांच्या बसायच्या खोलीत त्यांनी त्याचा फोटो लावला. तो जिवंत असतानाच! हा मला म्हणतो, "फोटोत मी सरळ उभा आहे, मला ओळखणार कोण?"

तागाची धूळ बेचाळीस वर्षं छातीत गेली. शेवटची दोन वर्षं तो तीस पावलांवर खोकायला थांबायचा. मग दवाखाना, मग नळ्या. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसलो होतो. म्हणाला, "आता पलीकडचं टोक कोण धरणार?"

"पाटा लावतो. लाकडी पाट्याला टोक बांधायचं, वर दगड ठेवायचे. दोर आखडेल तसा पाटा सरकेल."

"दगड माझ्यापेक्षा जड ठेवू नकोस. आणि माझ्यापेक्षा देखणेही नको."

चार दिवसांनी तो गेला.

मी तयार सूत विकत आणू लागलो, पाटा लावला. दगड ठेवले. आणि दोर तयार झाला की त्याच्या डब्यातलं निळ्या धाग्याचं रीळ काढून टोकाला धागा गुंडाळू लागलो. का, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोराला निळं टोक असलं की शेडमध्ये तो अजून आहे असं वाटायचं. आपल्या दोस्ताची खूण आपण चालवतोय. यात वाईट काय?

वर्ष झालं. एका सकाळी उलट्याची बायको शेडच्या दारात उभी राहिली. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भावजी, बाजारात मला एकाने अडवलं. म्हणतो, तुमच्या नवऱ्याने आमच्या माणसाचा पाय घालवला."

"कोण म्हणाला?"

"कोण म्हणाला ते जाऊ दे. गोदामात कप्पीवरचा दोर तुटला. कापडाची गाठ पडली पैलवानाच्या पायावर. दोराला निळा धागा होता. खरं का?"

पैलवान म्हणजे उलट्याचा फोटो लावलेल्या गोदामातला सगळ्यांत दांडगा हमाल. पाठीवर दोन गाठी घेऊन जिना चढणारा.

"खोटं," मी म्हटलं.

"बघितलात दोर?"

"बघायची गरज नाही. उलट्याचा दोर तुटत नाही."

"मी त्यांची बायको आहे, मलाही तसंच वाटतं. पण आपल्याला वाटतं म्हणून काय होतं? बघून या. आणि काय असेल ते मला येऊन सांगा. गोड करून सांगू नका."

मी चाकाला खीळ घातली आणि निघालो. शेडच्या पुढच्या अंगाला, रस्त्यावर, माझ्या थोरल्या मुलाचं दुकान आहे. नायलॉनचे दोर, बादल्या, ताडपत्र्या, आणि एका कोपऱ्यात माझे तागाचे दोर. मला घाईत बघून तो बाहेर आला.

"बाबा, कुठे?"

"गोदामात. उलट्याच्या नावाने काहीतरी बोलतायत."

त्याचा चेहरा उतरला. म्हणजे त्याला आधीच कळलं होतं. "जाऊ नका. चार दिवस बोलतील, विसरतील."

"ते विसरतील. मी?"

"अहो, काका गेले. त्यांना आता काय फरक पडतो?"

मी चालत राहिलो. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो माझ्या मागे आला.

गोदामाच्या अंगणात दोरांचा ढीग पडला होता. लांबूनच निळी टोकं दिसली. मी मोजले, बारा. त्यातले काही मी ओळखले. एक तर आम्ही भांडणाच्या वर्षात वळलेला, काळा पडलेला, पण अजून नुसतं लोखंड. ढिगाशेजारी रॉकेलचा डबा. हमालांच्या खोलीत डोकावलो तर फोटोच्या जागी खिळा होता. फोटो पाण्याच्या पिंपामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

खिळ्याखाली एक कागद चिकटवला होता. मी अक्षरं साठीनंतर शिकलो, बोट लावल्याशिवाय मला वाचता येत नाही. बोट लावून वाचलं. दोर बनवणारा मयत असल्यामुळे त्याच्यावर काही कारवाई करता येत नाही, सबब त्याच्या हातचे सर्व दोर आज दुपारी नष्ट करण्यात येतील. खाली मुकादमाची सही.

मुकादम मागे येऊन उभा राहिला. बरा माणूस. मला आबा म्हणतो. "आबा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. तो फोटो सरळ कर."

"आबा, माझा माणूस पडलाय. पाय दोन ठिकाणी मोडलाय. जुळला तरी आखूड राहील म्हणतात. पोरं भडकलीत."

"भडकू देत. उलट्याचा दोर तुटला असेल तर हा ढीग मी माझ्या हाताने पेटवतो. आण तो दोर. सगळ्यांसमोर आण."

आम्ही अंगणात आलो. पोरं जमलीच होती. पंधरा-वीस जण. एक जण म्हणाला, "आबांचा पीळ बघा." दुसरा म्हणाला, "बेचाळीस वर्षं दुसरं काय केलंय त्यांनी?" हसलेही. मी छाती पुढे काढून उभा होतो. खोटं कशाला सांगू, मजा येत होती मला. दोस्तासाठी भांडायला मिळतंय याची मजा.

मुकादमाने तुटलेल्या दोराचे दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले.

तुटलेली जागा बघितली. दोन पेड ताणून फाटलेले, तिसरा पेड अजून फुगलेला, मऊ. सैल राहिलेला पेड. मग टोक बघितलं. निळा धागा होता. तो कसा गुंडाळलाय ते बघितलं. पुन्हा बघितलं.

उलट्या डावखुरा होता. तो धागा गुंडाळायचा तो डावीकडे जायचा. हा उजवीकडे गेला होता.

आणि मला तो दिवस आठवला. पाटा फरशीच्या एका उंचवट्याला अडकला होता. दोर आखडत होता आणि पाटा हलत नव्हता. मग दाणकन सुटला आणि हातभर पुढे आला. चाकाच्या दांड्यावर मला तो धक्का लागला होता. मला कळलं होतं. अशा वेळी उलट्याने काय केलं असतं तेही माहीत होतं. पण खांदा ठणकत होता, आणि नव्वद पावलं जाऊन उलगडायचं म्हणजे मलाच जावं लागणार. म्हटलं, एवढ्याने काय होतंय. तुळईवर टाकून लटकलोही नाही. या वयात लटकायचं म्हणजे लोक हसतील. निळा धागा मात्र प्रेमाने बांधला.

"काय आबा?" मुकादम म्हणाला.

मी ते टोक बोटांत फिरवत राहिलो. थोरला माझ्या कानाशी आला. "बाबा, चला. घरी चला." त्याच्या आवाजावरून मला आणखी एक गोष्ट कळली, पण ती तेव्हा बाजूला ठेवली.

मुकादमाला वाटलं, दोर उलट्याचा निघाला म्हणून म्हातारा गप्प झाला. त्याला माझी दया आली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आबा, तुमच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. तुम्ही चाकावर होतात. त्यांना शेवटी शेवटी दमच नव्हता, हात थरथरत असणार. माणूस आहे, चुकतो. तुमचे दोर आम्ही घेत राहू. फक्त हे जुने जाऊ देत. पोरांचं समाधान होईल."

इतकं सोपं करून दिलं होतं त्याने. मला काहीच बोलायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. आणि माझी मान हलली. हो म्हणून हलली. हे मी लिहितोय, कारण ती हलली.

एका पोराने डब्याचं झाकण काढलं आणि ढिगावर रॉकेल ओतायला वाकला. सगळ्यांत वर तो भांडणाच्या वर्षाचा दोर होता.

मी गेलो आणि ढिगावर बसलो.

"आबा, उठा! कपड्यांवर उडेल."

"उडू दे."

"आबा, काय पोरकटपणा हा?"

"या बारांतला एकही तुटलेला नाही. तुटलाय तो तेरावा. तो माझा आहे."

पोराने रॉकेलचा डबा सरळ धरला. थोरला फक्त "बाबा" म्हणाला.

मी ढिगातून एक दोर ओढला आणि त्याचं टोक तुटक्या दोराच्या टोकाला लावून धरलं. "जवळ या. नुसते निळे धागे बघून दोर घेता, एकदा नीट बघा तरी. हा डावीकडे गेलाय. उलट्या डावखुरा होता, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याच्या डाव्या हाताची चापट खाल्लीय. आणि हा उजवीकडे गेलाय. हा माझा हात. हा दोर तो गेल्यानंतर मी एकट्याने वळला. पाटा अडकला होता. मला कळलं होतं. मी उलगडला नाही, तपासला नाही. पैलवानाचा पाय उलट्याने नाही मोडला. मी मोडला."

एक एक करून पोरं पुढे आली. ढिगातली टोकं हातात घेऊन बघू लागली. डावीकडे. डावीकडे. डावीकडे. बाराही डावीकडे.

मुकादमाचा आवाज बदलला. "मग निळा धागा कशाला बांधलात? माणसाने ओळखायचं कसं?"

"आठवण म्हणून बांधला."

"आठवण?" तो ओरडला. "आबा, आम्ही त्या धाग्यावर जीव टांगतो!"

मी हातातली दोन्ही टोकं खाली ठेवली. तो थांबला नाही.

"आणि दुकानात काय सांगितलं आम्हाला? उलट्याकाकांच्या हातचा शेवटचा माल, पुन्हा मिळणार नाही. हेच सांगितलं ना?"

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "धागा मी बांधला," मी म्हटलं. "विकताना काय सांगितलं ते विकणारा सांगेल."

शेवटी थोरला म्हणाला, "सांगितलं मी. निळा धागा बघितला आणि सांगितलं. बाबांना माहीत नव्हतं."

चाळिशीचा माणूस, पण मला तो त्या क्षणी आठ वर्षांचा दिसला. आणि रागही आला, आणि बरंही वाटलं की बोलला.

मी ढिगावरून उठलो, मुकादमाच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि खोलीत गेलो. भिंतीवरच्या कागदावरच्या ओळी खोडल्या. खाली लिहिलं: तुटलेला दोर मी वळला. त्यात दोष आहे हे मला वळतानाच कळलं होतं. मी तपासला नाही. उलट्याचा यात काही संबंध नाही. खाली माझं नाव. हे लिहायला मला इतका वेळ लागला की दोन पोरं चहा पिऊन आली. कुणी हसलं नाही.

"तुमचे दोर आता इथे चालणार नाहीत, आबा," मुकादम म्हणाला.

"नका चालवू."

"बाकीच्या गोदामांनाही मला सांगावं लागेल."

"सांग. सांगायलाच पाहिजे. पण हे बारा आत घे. हे तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त टिकतील. आणि तो फोटो मी लावणार नाही, तुम्हीच लावा. तुम्हीच काढलात."

फोटो लावला की नाही ते बघायला मी थांबलो नाही.

रस्त्याने थोरला माझ्या दोन पावलं मागे चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर त्याला राहवलं नाही. "झालं समाधान? आता तागाचा दोर कुणी विकत घेणार नाही. त्या शेडचं काय करायचं? काकांना तर कळलंही नाही तुम्ही काय केलंत."

"मला कळलं ना."

"मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाने..."

"अरे, तो जिवंत असता तर त्याने स्वतःच भांडून घेतलं असतं. मेलाय म्हणूनच मला भांडायला लागतं. एवढं साधं तुला कळत नाही?"

तो दुकानात शिरला. थोड्या वेळाने बघितलं तर कोपऱ्यातले माझे सगळे दोर खाली काढून तो एकेकाचं टोक तपासत होता.

वहिनी घराच्या ओट्यावर बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गोड केलं नाही. मान हलली तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचे डोळे भरतील, ती म्हणेल भावजी तुम्ही त्यांचं नाव राखलंत, असं कुठेतरी मला वाटत होतं.

ती म्हणाली, "रीळ कुणाला विचारून घेतलंत?"

"कुणाला नाही."

"बेचाळीस वर्षांत त्यांनी तुम्हाला कधी तो धागा बांधायला दिला होता?"

"नाही."

"का नाही, ते कधी विचारलंत?"

"तेही नाही."

"मी विचारलं होतं. ते म्हणाले, दोष निघाला तर एकाच माणसाला धरता यावं. त्या चाकवाल्याला उगाच कुणी बोलायला नको." ती उठली. "रीळ आणून द्या मला. त्यांची आठवण घरात काढा, माझ्याशी बोलत बसा, रडायचं तर रडा. मालाला बांधू नका."

मी शेडमध्ये गेलो, डबा उघडला, रीळ आणून तिच्या हातात दिलं. हात थोडा अडला. तिने ओढून घेतलं.

"पैलवानाकडे गेला होता का?"

"नाही अजून."

"मग इथे काय उभे राहिलात?"

पैलवान दोन खोल्यांच्या घरात राहतो, जिन्याखाली. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडला होता. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, उशांवर उंच ठेवलेला. खाट त्याला पुरत नव्हती, धड पाय बाहेर लोंबत होता. माझ्याआधी बातमी पोचली होती. त्याच्या बायकोने दारातच हात आडवा केला. "काय बघायला आलात? जा इथून."

"बघायला नाही आलो. भेटायला आलोय."

"येऊ दे गं," आतून तो म्हणाला. "येऊ दे. मला बघायचाय हा म्हातारा."

मी आत गेलो. स्टूल होतं, पण बस म्हणाला नाही. उभा राहिलो.

"दहा दिवस मी मेलेल्या माणसाला शिव्या देतोय," तो म्हणाला. "झोप येत नाही, शिव्या देतो. पाय ठणकतो, शिव्या देतो. आज पोरं येऊन सांगतात, तो नव्हताच. दहा दिवसांच्या शिव्या फुकट गेल्या माझ्या."

"पुन्हा दे. आता ऐकणारा आहे."

"तुला लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर आलो."

त्याने सुरुवात केली. माझ्यापासून केली, माझ्या बापापर्यंत गेला, चाकाला सोडलं नाही, तागाला सोडलं नाही. काही शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या, आणि मी गोदामांत आयुष्य काढलंय. मध्ये त्याला दम लागला. बायकोने पाणी दिलं. पाणी पिऊन तो पुन्हा सुरू झाला. मग तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "गाठ उचलता येणार नाही मला आता. दुसरं काही येत नाही."

यावर काही सुचतं असं म्हणणारा खोटारडा असतो. मी म्हटलं, "उद्या येतो."

"आलास तर हा धड पाय घालीन तोंडात."

"घाल. पण येणार."

दुसऱ्या दिवशी गेलो तर दार आतून लावलेलं. हाक मारली, उत्तर नाही. मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो. जाणारे-येणारे बघत होते. एका बाईने विचारलं, काम काय आहे? म्हटलं, बसायचं काम आहे. ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत आलं. तासभर गेला असेल. मग आतून आवाज आला.

"म्हाताऱ्या, आहेस का गेलास?"

"आहे," मी म्हटलं.